वरचं दूध आणि घड्याळ
(ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या बोलण्याचं शब्दांकन)

नमस्कार. आयांपेक्षा आज्या जास्त आल्यात हे बघून मला खरंच बरं वाटलं, कारण आई सकाळी ठाण्याची ट्रेन पकडून गेली की बाटली दिवसभर आजीच्याच हातात असते. आज बोलायचंय ते बाळाच्या डब्याच्या दुधाबद्दल, म्हणजे पावडरपासून ते कसं बनवायचं आणि किती वेळ ठेवायचं.

आधीच सांगते, अंगावरच्या दुधाला तोड नाही, आणि आपल्याकडे १९९२च्या कायद्याने डब्याच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे ती उगाच नाही. पण काहींना दूध येत नाही, काहींना औषधं चालू असतात, त्या बाईला कुणी टोमणे मारू नका प्लीज. तिला नीट माहिती द्या.

सगळ्यांचा समज असतो की सीलबंद डबा म्हणजे आत जंतूच नाहीत. तसं नसतं. पावडर कोरडी असते म्हणून जंतू वाढत नाहीत, पण ते असू शकतात, क्रोनोबॅक्टर नावाचा एक आहे, साल्मोनेला आहे. पाणी घातलं की त्यांना खायला मिळालं, आणि वर आपली मे महिन्यातली हवा! म्हणून ते जंतू मारायला जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी ७० डिग्रीच्या खाली गेलेलं नको, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं, मग गोंधळ होतो, तर डॉक्टरांना विचारा, आणि बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेलं असेल तर विचारल्याशिवाय राहूच नका. आरओचं पाणीसुद्धा उकळायचंच.

आधी पाणी मोजायचं, मग पावडर. चमचा डब्यातलाच, सुरीने सपाट केलेला, दाबून भरलेला नाही. महाग आहे म्हणून पातळ करणं किंवा बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून एक चमचा जास्त टाकणं, दोन्हीने बाळाला त्रास होतो.

आता रात्रीसाठी आधी बनवून ठेवायचं का? ताजं बनवणं सगळ्यात चांगलं, पण रात्री तीनला उठणाऱ्या बाईची अवस्था मी बघितलीये, म्हणून ठेवायचंच तर असं ठेवा. एका फीडची एक बाटली. झाकण लावून थंड पाण्याच्या पातेल्यात उभी करायची, पाणी झाकणाच्या खाली राहील एवढंच, आणि गार झाली की लगेच फ्रीजमध्ये, पण दारात नाही हं! दार दिवसभर उघडतं, कोथिंबीर काढायला, पाणी प्यायला. आत मागच्या बाजूला, ५ डिग्रीच्या खाली. बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहा, २४ तास झाले की ओतून द्या. गरम करायला वाटीभर गरम पाण्यात पंधरा मिनिटं पुरे, मायक्रोवेव्ह नको, बाटली बाहेरून गार लागते आणि मधलं दूध चटका देतं. मनगटावर थेंब टाकून बघा.

बाहेर ठेवलेलं दूध दोन तास. बाळाने तोंड लावलं की एकच तास, कारण लाळ आत गेली. माझ्या भाचीच्या वेळी मी स्वतः अर्धी उरलेली बाटली पुढच्या वेळेला म्हणून फ्रीजमध्ये ठेवली होती, तीस मिली दूध फेकवत नव्हतं मला. पोरीला काही झालं नाही, पण आज ते आठवलं की पोटात गोळा येतो. आज्यांनो, तुम्हाला अन्न टाकवत नाही हे कळतं मला, पण ते तीस मिली टाकाच.

आणि बाटली धुताना निपल उलटं करून बघा, कडेला खाली पिवळट साय सुकलेली असते, ब्रश तिथे पोचत नाही. बोटाने घासून काढा, मग उकळा.

एका ताईंनी विचारलं, घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकलो तर? बनवलेलं दूध नेऊच नका. उकळतं पाणी स्वच्छ थर्मासमध्ये, मोजलेली पावडर वेगळ्या कोरड्या डबीत, आणि बाळाने मागितलं की तिथेच मिसळायचं. गार करायला सोबत थंड पाण्याची बाटली आणि एक उभा डबा ठेवा, त्यात दुधाची बाटली उभी करता येते. चला, पुढचा प्रश्न, मागच्या आजी केव्हापासून हात वर करून बसल्यात.