रशियन क्रांती आणि इतिहासाचे चक्र

श्रोतेहो, नमस्कार.

सत्ययुगापासून कलियुगापर्यंतचा फेरा लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्याला, इतिहास चक्राकार फिरतो ही कल्पना नवी नाही. राज्यक्रांत्यांचेही असे चक्र असते, अशी मांडणी अमेरिकन इतिहासकार क्रेन ब्रिंटन यांनी १९३८ साली केली. त्यांनी क्रांतीला तापाची उपमा दिली: सत्ता आधी मवाळांकडे येते, मग जहालांकडे जाते, ताप चढून दहशतीचा काळ येतो आणि अखेर तो उतरला की जुन्या रीतीभाती हळूहळू परततात.

रशियाच्या बाबतीत सुरुवातीला हे तंतोतंत जुळते. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे फेब्रुवारी १९१७ मध्ये पेट्रोग्राडच्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या, झारने सिंहासन सोडले, मवाळांचे हंगामी सरकार आले आणि आठ महिन्यांत बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या जहाल पक्षाने, ते उलथवले.

ताप उतरल्याची खूण मला मार्च १९२१ मध्ये दिसते. क्रॉनश्टाटच्या ज्या नौदल तळाने १९१७ मध्ये बोल्शेविकांना मोठे बळ दिले होते, तिथल्याच खलाशांनी आता सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधी सभांच्या, निवडणुका गुप्त मतदानाने घ्याव्यात अशी मागणी केली. पांढरे झगे अंगावर घेतलेले बोल्शेविकांच्या लाल सेनेचे सैनिक गोठलेल्या फिनलंडच्या आखातावरून चालत गेले आणि त्यांनी तो उठाव चिरडला. त्याच महिन्यात पक्षाच्या अधिवेशनाने शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य उचलणे थांबवून धान्यरूपी कर बसवला आणि उरलेले धान्य विकण्याची वाट मोकळी केली.

इथून पुढे मात्र चक्राचा हिशेब चुकतो, आणि त्याचे एक कारण असे की, क्रांती करणाऱ्यांनाच ते चक्र पाठ होते. फ्रेंच क्रांतीचा शेवट एका सेनापतीच्या हाती सत्ता जाण्यात झाला, हे प्रत्येक नेता जाणून होता. त्यामुळे नेपोलियन कोण होणार, या धास्तीने सगळ्यांच्या नजरा लाल सेना उभारणाऱ्या ट्रॉट्स्कीवर खिळल्या. जानेवारी १९२५ मध्ये त्याला युद्धखाते सोडावे लागले. एप्रिल १९२२ पासून सरचिटणीस असलेला स्टालिन मात्र नेमणुकांच्या कागदांवरून पक्ष आपल्या मुठीत आणत होता. इतिहासाचा धडा या नेत्यांनी मनापासून गिरवला होता, आणि त्या धड्यानेच त्यांची नजर चुकीच्या दाराकडे वळवली, असे मला वाटते.

चक्राच्या हिशेबाने १९३७ साली ताप केव्हाच उतरलेला असायला हवा होता. प्रत्यक्षात १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत, सुरक्षा यंत्रणेच्याच नोंदींनुसार, सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना देहदंड दिला गेला. शेतकऱ्याला सवलत देणाऱ्या धोरणाची बाजू सर्वांत ठामपणे मांडणारा बोल्शेविक नेता बुखारिन त्यांच्यातलाच. ब्रिंटन यांची मांडणी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९३८ च्या मार्चमध्ये, त्याला गोळ्या घालण्यात आल्या.