पार्सन्सला जाऊ द्यायला नको होतं

नमस्कार मंडळी.

आज बोलायचंय ते मायका पार्सन्सबद्दल. अमेरिकन फुटबॉलमधल्या डॅलस काउबॉइज संघानं त्याला ग्रीन बे पॅकर्सना देऊन टाकलं त्याला अख्खा मोसम उलटला, तरी फ्रिस्को-प्लेनोतल्या आपल्या मराठी घरांत हा विषय निघाला की जेवणं लांबतात. आता तर एक नवीनच सूर ऐकू येतो. डिसेंबरमध्ये पार्सन्सचा गुडघा गेला, म्हणजे मालक जेरी जोन्स यांनी वेळीच विकलं ते बरंच झालं, असा. मला हे अजिबात पटत नाही. पार्सन्सला ठेवायलाच हवं होतं, आणि तेही एक वर्ष आधी करार करून.

तुमच्याकडे सध्या पुण्याहून, नागपूरहून आई-बाबा आले असतील तर त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकन फुटबॉलमध्ये सगळा खेळ क्वार्टरबॅकच्या हातातून जातो. बॉल हातात आला की फेकायला त्याला मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. पार्सन्सचं काम एवढंच, की कडेनं सुटायचं, समोरच्या दीडशे किलोच्या माणसाला चुकवायचं आणि त्या अडीच सेकंदांत क्वार्टरबॅकला गाठायचं. बॉल फेकायच्या आत त्याला पाडलं की झाला सॅक. डॅलसच्या चार मोसमांत पार्सन्सच्या नावावर ५२.५ सॅक आहेत, आणि एकही मोसम बाराच्या खाली नाही. पण त्याची खरी किंमत आकड्यांत दिसत नाही. त्याला अडवायला समोरचा संघ दोन माणसं लावतो, म्हणजे त्याच्या संघातला दुसरा कुणीतरी मोकळा सुटतो. पार्सन्सचा हात लागला नाही अशा कितीतरी सॅकमध्ये पार्सन्स असतो. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे धावतो, म्हणून हे आपल्याला कळत नाही. स्टेडियममध्ये बसून फक्त त्याच्यावर नजर ठेवली की कळतं.

आता पैशांचं बघू, कारण सगळं बिनसलं ते तिथेच.

पार्सन्स २०२१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, बाराव्या क्रमांकावर आला. नियमानुसार तीन मोसम झाले की नवा करार करता येतो, म्हणजे २०२४च्या सुरुवातीपासून वाट मोकळी होती. त्या वेळी बचावपटूंमध्ये सर्वांत मोठा करार सॅन फ्रान्सिस्कोच्या निक बोसाचा होता, वर्षाला ३ कोटी ४० लाख डॉलर. डॅलसनं त्या उन्हाळ्यात बॉल झेलणाऱ्या सीडी लॅम्बला सही करून घेतलं, क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला वर्षाला ६ कोटी दिले आणि पार्सन्सला थांबवलं. २०२५च्या मार्चमध्ये क्लीव्हलँडनं बचावपटू माइल्स गॅरेटला वर्षाला ४ कोटी दिले. जुलैत पिट्सबर्गनं टी. जे. वॉटला ४ कोटी १० लाख दिले. लग्न ठरलेल्या घरानं सोन्याचा भाव उतरेल म्हणून वर्षभर सराफाकडे जाऊ नये, तसं हे झालं. शेवटी ग्रीन बेनं पार्सन्सला चार वर्षांचे १८ कोटी ८० लाख दिले, वर्षाला ४ कोटी ७० लाख.

मधल्या काळात जे घडलं त्याचं मला जास्त वाईट वाटतं. मार्चमध्ये जोन्स पार्सन्सशी थेट बोलले, एजंटला वगळून. जोन्स यांच्या मते सौदा तिथेच ठरला होता. पार्सन्सच्या मते त्या नुसत्या गप्पा होत्या. सव्वीस वर्षांचा मुलगा कोट्यवधींच्या करारात आपला माणूस शेजारी असावा असं म्हणतो, यात काय चुकलं? १ ऑगस्टला त्यानं जाहीरपणे सांगितलं, मला जाऊ द्या. २८ ऑगस्टला ट्रेड, म्हणजे दोन संघांतली अदलाबदल, झाला, मोसमाचा पहिला सामना एका आठवड्यावर आलेला असताना. बदल्यात डॅलसला मिळाला बचावाच्या मधल्या फळीतला केनी क्लार्क आणि २०२६ व २०२७च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची एकेक निवड.

जोन्स यांनी तेव्हा १९८९चा दाखला दिला. त्या वर्षी डॅलसनं हर्शेल वॉकरला मिनेसोटाला दिलं, बदल्यात खेळाडू आणि ड्राफ्टच्या निवडींची रास मिळवली, आणि त्यातूनच नव्वदच्या दशकातले तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकणारा संघ उभा राहिला. हे सगळं खरं आहे. पण १९८९चा संघ कसा होता? त्या मोसमात सोळापैकी एकच सामना जिंकलेला. गमावण्यासारखं काही नव्हतंच, सगळं नव्यानं उभं करायचं होतं. २०२५च्या डॅलसकडे ६ कोटींचा क्वार्टरबॅक होता, बत्तीस वर्षांचा, ऐन भरातला. अशा संघाला चार वर्षांनी तयार होणारी पोरं काय कामाची? तोवर प्रेस्कॉटचे दिवस सरलेले असतील.

माझ्या मते याहून जवळचा दाखला २०१८चा आहे. त्या वर्षी दोन संघांपुढे एकाच आठवड्यात हाच प्रश्न होता. ३१ ऑगस्टला लॉस एंजेलिस रॅम्सनी बचावपटू ॲरन डोनाल्डला सहा वर्षांचे साडेतेरा कोटी देऊन ठेवलं. दुसऱ्याच दिवशी ओकलंड रेडर्सनी आपला बचावपटू खलील मॅकला शिकागो बेअर्सकडे धाडलं, पहिल्या फेरीच्या दोन निवडींसाठी. म्हणजे पार्सन्ससारखाच भाव. त्या मोसमात अख्ख्या रेडर्स संघाला मिळून १३ सॅक करता आले, लीगमध्ये सर्वांत कमी. शिकागोनं बारा सामने जिंकून आपला गट मारला. त्या दोन निवडींपैकी एकीतून जॉश जेकब्ज मिळाला, तो उत्तम धावणारा निघाला, हे मान्य. दुसरीतून आलेला डेमन आर्नेट दुसऱ्याच मोसमात संघाबाहेर गेला.

आणि डोनाल्ड? फेब्रुवारी २०२२चा सुपर बोल आठवा. रॅम्स २३, सिनसिनाटी २०, घड्याळात मिनिटभरही उरलेलं नाही. सिनसिनाटीची चौथी आणि शेवटची संधी, हवा फक्त एक यार्ड. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो बॉल घेऊन मागे सरकतो, आणि डोनाल्ड मधूनच वाट काढून त्याच्या अंगाशी पोचतो, जर्सी धरून त्याला गरकन फिरवतो. बरोनं पडता पडता कसाबसा फेकलेला बॉल कुणाच्याही हाती न लागता जमिनीवर पडतो. सामना संपला. असा एक क्षण ड्राफ्टच्या निवडीतून मिळेलच याची हमी कोण देणार?

उलट बाजूही सांगायला हवी. क्लीव्हलँडनं गॅरेटला ठेवलं, त्यानं २०२५मध्ये २३ सॅक करून एका मोसमाचा विक्रम मोडला, तरी संघ जेमतेम पाच सामने जिंकला. कारण त्यांच्याकडे भरवशाचा क्वार्टरबॅकच नव्हता. त्या संघानं मोठा बचावपटू विकायचं म्हटलं असतं तर मी समजून घेतलं असतं. डॅलसची अडचण ती नव्हतीच. सॅलरी कॅपचं, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेचं, कारणही मला पुरेसं वाटत नाही. २०२५ची मर्यादा २७ कोटी ९२ लाखांची होती आणि ती वर्षागणिक वाढतेय. शिवाय करारातली रक्कम पुढच्या वर्षांवर पसरवता येते, हे सगळेच संघ करतात.

मग काय झालं? २८ सप्टेंबरला ग्रीन बे आर्लिंग्टनला, डॅलसच्या घरच्या मैदानावर आलं. ज्या मैदानावर मुलं त्याची ११ नंबरची जर्सी घालून यायची, तिथे पार्सन्स दुसऱ्या रंगात उतरला. सामना ओव्हरटाइममध्ये गेला, डॅलस गोलरेषेच्या अगदी तोंडाशी, आणि प्रेस्कॉट स्वतःच बॉल घेऊन पळू लागला तेव्हा मागून येऊन त्याला पाडलं ते पार्सन्सनंच. सहा गुणांच्या टचडाउनऐवजी तीन गुणांच्या फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं, ग्रीन बेनं शेवटच्या क्षणी बरोबरी साधली. ४०-४०. डॅलसनं चाळीस गुण करूनही जिंकू नये, असा बचाव होता तो. मोसम ७-९-१वर, म्हणजे सात विजय, नऊ पराभव आणि एका बरोबरीवर संपला, आणि जानेवारीत बचावाचे प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांना नारळ मिळाला.

त्यातही नोव्हेंबरचा व्यवहार बघा. ट्रेडला सव्वादोन महिने होतात न होतात तोच डॅलसनं न्यूयॉर्क जेट्सकडून क्विनन विल्यम्स घेतला आणि त्यासाठी २०२७ची पहिल्या फेरीची एक निवड देऊन टाकली. विल्यम्स चांगला आहे, मला आवडतो. पण बचावपटू विकून निवड घ्यायची आणि तशीच निवड देऊन बचावपटू घ्यायचा, तर पहिल्याला का सोडलं?

गुडघ्याचं म्हणाल, तर १४ डिसेंबरला डेन्व्हरमध्ये पार्सन्सचा लिगामेंट तुटला, तेव्हा त्याचे १२.५ सॅक झाले होते. हे ऑगस्टमध्ये कुणालाही ठाऊक नव्हतं, जोन्स यांनाही नाही. दुखापत कुणालाही होते, विल्यम्सला, प्रेस्कॉटलाही. तिच्या भीतीनं आपली सर्वांत चांगली माणसं विकायची म्हटली तर मैदानात उतरवणार कुणाला?

२०२६च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्गला ड्राफ्ट आहे. ग्रीन बेकडून आलेली पहिल्या फेरीची निवड अजून डॅलसच्या हातात आहे. ती क्रमवारीत खाली सरकून चार लहान निवडींसाठी मोडू नये, कडेनं सुटणारा एक दमदार पोरगा घ्यावा. आणि तो पार्सन्ससारखा निघाला, तर २०२९च्या जानेवारीत, त्याचा तिसरा मोसम संपल्या संपल्या, पहिला फोन त्याच्या एजंटला जावा.

नमस्कार.