मस्टरवरचे नाव

(दृश्य: भोसरी एमआयडीसी, सेक्टर १०. टेम्पोत चढवले जाणारे निळे क्रेट.)

हा तळहातावर मावणारा पोलादी बुश, म्हणजे नळीच्या तुकड्यासारखा पोकळ सुटा भाग आहे. भोसरीच्या सेक्टर १० मधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तो सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर घडला असून, दोन दिवसांनी तो चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात जुळणीच्या लाइनवर जाईल आणि एखाद्या वाहनाच्या पोटात कायमचा दिसेनासा होईल. शेडच्या हजेरीपटावर, म्हणजे इथल्या बोलीत मस्टरवर, १९ नावे आहेत. चाकणच्या कारखान्यात काही हजार माणसे काम करतात. बुश घडवणारा आणि तो बसवणारा हे दोघेही बहुधा आयटीआय झालेले, दोघेही गावाकडून आलेले, आणि मोशी किंवा चिखलीच्या एकाच चाळीत भाड्याने राहणारेही असू शकतात. लहान कंपनीतली नोकरी बरी की मोठ्या कंपनीतली, हा प्रश्न दोघांनाही गावच्या जत्रेत दर वर्षी विचारला जातो. उत्तर म्हणून ते पगाराचा आकडा सांगतात, कारण बाकीचे सांगायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ विचारणाऱ्याकडे नसतो.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्याच दशकात टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, इथे पाय रोवले. मोठ्या कारखान्याला लागणारा प्रत्येक नट, बुश आणि ब्रॅकेट त्याने स्वतःच बनवायचा ठरवला तर तो कधीच परवडत नाही. त्यामुळे त्याच्या भोवती सुटे भाग पुरवणाऱ्या शेडची वस्ती वाढत गेली. म्हणजे या पट्ट्यात लहान कंपनी आणि मोठी कंपनी हे दोन वेगळे रस्ते कधीच नव्हते. ती एकाच साखळीची दोन टोके आहेत, आणि एका टोकाला ताण बसला की दुसऱ्या टोकाला तो जाणवतो.

(दृश्य: शेडचा आतला भाग. लेथचा दरवाजा सरकतो, कूलंटचा फवारा थांबतो.)

अशा शेडमध्ये ऑपरेटर हा शब्द नावापुरता असतो. सकाळी ड्रॉइंग वाचून जॉब लावणे, नग पकडणारे जबडे बोअर करणे, इन्सर्ट म्हणजे धातू कापणारे पाते बदलणे, ऑफसेट मारून मापातला फरक दुरुस्त करणे, पहिला नग मायक्रोमीटरने तपासणे, मध्येच लेथचा हत्यारे फिरवणारा टरेट अडकला तर मेकॅनिक येईपर्यंत स्वतःच पाना हाती घेणे, आणि संध्याकाळी टेम्पोचालक आला नाही तर चलान घेऊन मालासोबत जाणे, ही सगळी कामे एकाच माणसाकडे येतात. ग्राहकाकडे माल नापास झाला तर त्याच माणसाला तिथल्या दारात बसून हजारभर नग एकेक करून वेगळे काढावे लागतात, आणि तेव्हा आपल्या हातून निसटलेल्या दोन शतांश मिलिमीटरची किंमत त्याला कोणत्याही प्रशिक्षणवर्गापेक्षा नीट कळते. तीन वर्षे असे काम केलेला मुलगा धातूच्या आवाजावरून इन्सर्ट गेल्याचे ओळखतो. हे शिक्षण फुकट मिळते असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्हाला ते तितकेसे पटत नाही, कारण त्याची फी पगारातून वळती होत असते.

मालक इथे साहेब नसतो, तो शेठ असतो किंवा सरळ दादा, आणि बऱ्याचदा शेजारच्या मशीनवर स्वतः उभा असतो. वडील दवाखान्यात आहेत असे सांगितले की अर्ज न भरता वीस हजारांची उचल मिळते आणि ती पगारातून हप्त्याहप्त्याने फिटते. रजेसाठी एक फोन पुरतो. पण तो फोन करणाऱ्याला हेही पक्के ठाऊक असते की आपण नसलो तर ते मशीन आज बंद राहील, आणि म्हणून बहिणीच्या लग्नातही त्याचा मोबाइल वाजत राहतो. जिव्हाळा आणि जाच या शेडमध्ये एकाच माणसाकडून मिळतात, आणि तक्रार करायची झाली तर तीही त्याच माणसाकडे करावी लागते.

(दृश्य: टेबलावर उघडलेले मस्टर. बोट एकेका नावावरून खाली सरकते.)

आता या १९ नावांकडे वळू. आपल्याकडे कायद्याच्या लेखी कंपनीचा मोठेपणा बऱ्याच अंशी डोकी मोजून ठरतो. दहा माणसे झाली की कामगार राज्य विमा (ईएसआय) आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होते. वीस झाली की भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि बोनस. पन्नास झाली की पाळणाघराची जबाबदारी येते. कॅन्टीनसाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० कामगारांची अट होती, नव्या कामगार संहितेत ती १०० वर आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी असे अनेक जुने कायदे पोटात घेतले, काही आकडे खालीवर केले, पण डोकी मोजण्याची रीत कायम ठेवली.

त्यामुळे विसावा माणूस घेणे हा लहान मालकाच्या आयुष्यातला मोठा निर्णय असतो. विसावे नाव मस्टरवर चढले की पीएफचा मालकाचा १२ टक्के हिस्सा एकट्या विसाव्यासाठी नव्हे, तर सगळ्यांसाठी भरावा लागतो. पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर हिशेब केला तरी माणशी १,८०० रुपये, म्हणजे वीस जणांचे महिन्याला ३६,००० रुपये होतात. शिवाय पुढे काम कमी होऊन माणसे घटली तरी एकदा लागू झालेला पीएफ आपोआप सुटत नाही. म्हणून पुष्कळ मालक १९ वर थांबतात. काही जण पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने शेजारच्या गाळ्यात दुसरी फर्म काढतात, जरी दोन्ही आस्थापना एकच आहेत असे ठरवण्याचा अधिकार पीएफ कार्यालयाला असतो. याला लबाडी म्हणणे सोपे आहे, आणि कायद्याच्या नजरेत ती अनेकदा लबाडी असतेही. पण कामगारांपैकीही कित्येक जण आपला हिस्सा कापू नका, रोख हातात द्या असे मालकाला स्वतःहून सांगतात, ही गोष्ट कॅमेरा बंद झाल्यावर दोन्ही बाजू मान्य करतात. खोलीचे भाडे पाच तारखेला द्यायचे असते आणि निवृत्ती तीस वर्षे दूर असते.

ग्रॅच्युइटीचे दुखणे वेगळे आहे. दहा माणसांच्या शेडलाही ती लागू आहे, मात्र नेहमीच्या नोकरीत त्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये असलेला कामगार दहा वर्षांनी बाहेर पडला, तर दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन आणि महिन्याचे सव्वीस दिवस या हिशेबाने त्याला सुमारे १ लाख १५ हजार रुपये मिळायला हवेत. पण शेडमधला ऑपरेटर शेजारच्या गल्लीत दीड हजार जास्त मिळतात म्हणून दोन वर्षांत मशीन बदलतो, आणि प्रत्येक वेळी सेवेची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. नव्या संहितेने नियुक्तिपत्र देणे सक्तीचे केले आहे. तो कागद सेक्टर १० च्या गाळ्यांपर्यंत कधी पोहोचतो, यावर बरेच काही अवलंबून आहे, कारण कामाला केव्हा लागलो हे सिद्ध करण्यासाठी आज अनेकांजवळ बँकेच्या पासबुकाशिवाय काहीच नसते.

सर्वांत बोचरा फरक पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसजवळ दिसतो. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये ही साधी व्यवस्था असते, पण नग वाढवण्याच्या घाईत त्यातले एक बटण कायमचे दाबून बांधून ठेवले जाते, किंवा सेन्सर बंद केला जातो. बोट गेले आणि विम्यात नाव असले, तर चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयात उपचार होतात आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते. नाव नसले तर प्रत्यक्षात दवाखान्याचे बिल किती भरायचे हे मालकाच्या मनावर राहते. एरवी प्रेमळ असलेल्या मालकाच्या मनावर हे ओझे टाकणे त्याच्याही हिताचे नाही.

(दृश्य: चाकण रस्ता. कंपनीच्या बसची रांग, गेटवर पंचिंग.)

मोठ्या कारखान्यातला दिवस बसच्या वेळेने सुरू होतो. कॅन्टीनमध्ये सवलतीचे जेवण, युनिफॉर्म, सुरक्षा बूट, अडचणीला कामगारांची सहकारी पतसंस्था, तीन-चार वर्षांनी युनियनशी होणारा वेतनकरार, आणि दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यात पडणारा पगार. या पगाराच्या स्लिपवर बँक घरासाठी कर्ज देते. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे मुलाची पदवी विचारण्याआधी तो पर्मनंट आहे का हे विचारतात, आणि एकेकाळी टेल्कोत पर्मनंट एवढे दोन शब्द पिंपरी-चिंचवडात पुरत असत.

मात्र काम स्वतः आकसलेले असते. लाइनवरच्या कामगाराला एक स्टेशन मिळते, समोर चित्रांसह कामाची पद्धत लावलेली असते, आणि ठरलेल्या सेकंदांत बुश बसवून, बोल्ट आवळून गाडी पुढे सोडायची असते. बोल्ट किती आवळायचा हे पानाच ठरवतो. चूक झालीच तर दोरी ओढून लाइन थांबवण्याची सोय आहे. ती ओढण्याचे धैर्य किती जणांना होते, हे त्या त्या सुपरवायझरवर अवलंबून असते. पंधरा वर्षे एका स्टेशनवर काढलेला कुशल कामगार शेडमध्ये आला तर त्याला लेथचा शून्यबिंदू लावता येईलच असे नाही. याची खंत तिथल्या काही कामगारांना असते, पण त्यासाठी पगाराची तारीख सोडायला कोणी तयार होत नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही आम्ही धरत नाही.

या चित्रात एक मोठी भेग आहे. नोंदणीकृत कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत अलीकडच्या वर्षांत दर पाच कामगारांमागे सुमारे दोघे कंत्राटदारामार्फत आलेले दिसतात. म्हणजे त्याच बसमधून, त्याच गेटमधून आत जाणाऱ्या अनेकांचे नाव त्या कंपनीच्या मस्टरवर नसते. ते गेटाबाहेरच्या एखाद्या छोट्या कार्यालयातल्या वहीत असते. बऱ्याच ठिकाणी युनिफॉर्मचा रंग वेगळा असतो, काही ठिकाणी तोही सारखा असतो. याशिवाय थेट भरती झालेले, पण ठराविक महिन्यांसाठीच घेतलेले तरुण असतात. २४० दिवसांची सलग सेवा भरली की कायद्याने काही हक्क सांगता येतात, म्हणून त्याआधी ब्रेक देण्याची प्रथा या पट्ट्यात इतकी रुळली आहे की, सात महिने मोठ्या कंपनीत, चार महिने शेडमध्ये, पुन्हा दुसऱ्या मोठ्या कंपनीत, अशी वर्षे काढणारी एक पिढीच तयार झाली आहे. गावाकडे अशा मुलाविषयी तो अमुक कंपनीत आहे असे अभिमानाने सांगितले जाते. कंपनी मोठी असते, त्याची नोकरी मात्र शेडपेक्षाही लहान असते.

(दृश्य: शेडचे कार्यालय. संगणकाच्या पडद्यावर बिलांची यादी.)

दोन्ही टोके जोडणारा धागा बिलाच्या पैशांचा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ च्या कायद्यात आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. पण ज्या ग्राहकावर शेडचा ७० टक्के धंदा चालतो त्याच्याकडे व्याज मागणारा मालक सापडणे कठीण आहे. पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जायला एक ईमेल पुरतो. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आली, की मुदतीत न दिलेली ही रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यानंतर काही शेडमध्ये मार्चअखेर पैसे लवकर येऊ लागले, आणि काही शेडमधली कामे या नियमाच्या कक्षेबाहेरच्या पुरवठादारांकडे वळवली गेल्याच्या तक्रारीही झाल्या. बिल अडले की सात तारखेचा पगार बाराला होतो, बाराचा अठराला. चाकणच्या वातानुकूलित कार्यालयातल्या लेखापालाने एका क्लिकने पुढे ढकललेली तारीख भोसरीच्या चाळीतल्या किराणा दुकानाच्या वहीत उमटते, आणि ज्या कामगाराने त्या कंपनीचे गेटही पाहिलेले नसते, त्याला तिच्या कारभाराचा असा अनुभव येतो.

उलट दिशेचा प्रवासही याच रस्त्याने झाला आहे. भोसरी आणि तळवड्यातल्या अनेक शेड मोठ्या कारखान्यांतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेल्या टर्नर-फिटर मंडळींनी उभ्या केल्या. मिळालेल्या रकमेतून जुना लेथ घ्यायचा, जुन्या ओळखीवर पहिले काम मिळवायचे, आणि काल ज्याला साहेब म्हणत होतो त्याच्याकडे आज वेंडर म्हणून उभे राहायचे. ही माणसे युनियनच्या मोर्चात पुढे असत. आता त्यांच्याच मस्टरवर १९ नावे आहेत, आणि विसाव्याचा विषय काढला की ते हसून चहा मागवतात.

(दृश्य: रात्री साडेनऊ. मोठ्या कारखान्याचे मालाचे गेट, टेम्पोंची रांग.)

निळे क्रेट घेऊन आलेला मुलगा शेडमधलाच ऑपरेटर आहे. आज टेम्पोचालक आला नाही. सुरक्षा बूट नसल्याने त्याला आत सोडत नाहीत, म्हणून तो चलान रखवालदाराच्या खिडकीतून आत सरकवतो आणि शिक्का मिळेपर्यंत फुटपाथवर बसून राहतो. दुसरी पाळी संपायला अजून वेळ आहे. तासाभराने फोर्कलिफ्ट परत येते, रिकाम्या क्रेटच्या वर मागच्या खेपेतले तीन बुश ठेवलेले असतात आणि त्यांना लाल टॅग लावलेले असतात. मुलगा त्यातला एक उचलतो, गेटवरच्या दिव्याखाली धरून बोटाने त्याची कड चाचपतो, आणि खिशातला मोबाइल काढून मालकाला फोन लावतो.