गुरांची वाट कुणी नांगरली?

श्रोतेहो, नमस्कार.

नायजेरियातला शेतकरी-गुराखी संघर्ष आपल्या कानावर येतो तो मृतांच्या आकड्यानेच. 2018 च्या जानेवारीत बेनुए राज्यात 73 जणांचं एकत्र दफन झालं, तेव्हाही तसंच झालं. फुलानी गुराखी मुसलमान, तिथले शेतकरी बहुतेक ख्रिस्ती. म्हणजे धर्माचं भांडण, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते उत्तर फार सोपं वाटतं. उत्तरेत दोघेही मुसलमान असतात, तरी मारामाऱ्या होतातच.

पूर्वी यांचं जमायचं कसं? सुगी झाली की शेतात धाटं आणि धसकटं उरायची. फुलानी कळप घेऊन उतरायचे, गुरं रात्री शेतातच बसायची, शेताला आयतं शेणखत मिळायचं. दुधाच्या बदल्यात धान्य मिळे. पाऊस लागला की कळप उत्तरेला परत. राहून चालायचंच नाही, कारण दमट दक्षिणेत त्सेत्से माशी गुरांना रोगाने मारायची.

पुढे जंगलं तुटली, फवारण्या झाल्या, औषधं आली आणि माशी हटली. त्यात 1970 आणि 80 च्या दशकांतल्या दुष्काळांनी कळपांना दक्षिणेला रेटलं.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा पंप. नदीकाठच्या पाणथळ जमिनीला हौसा भाषेत ‘फदामा’ म्हणतात. 1990 च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने तिथे छोटे पंप आले आणि कोरड्या महिन्यांतही कांदा, टोमॅटो पिकू लागले. शेतकऱ्याचं भलंच झालं, त्याला कोण नावं ठेवील? फक्त त्या महिन्यांत हिरवं गवत असायचं ते तिथेच.

चराईची कुरणं राखायचा कायदा उत्तर नायजेरियात 1965 सालचा. पुष्कळ कुरणं कागदावरच राहिली. बेनुएने 2017 मध्ये मोकळी चराईच बंद केली. गुरं कुंपणात पाळा म्हणे. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्याने कुंपण घालायचं कुठे?

राहिल्या गुरांच्या वाटा, त्यांना म्हणतात ‘बुर्ताली’. वहिवाट जुनी, पण दोन्ही बाजूंनी नांगर दरसाल थोडा आत सरकतो. कळपामागे पुष्कळदा एखादं पोरगंच असतं. वाट अरुंद झाली की पुढची गाय सरळ मक्यात शिरते, मागून बाकीची. पोरगं काठी आपटतं, हाका मारतं. तोवर शेतकरी बांधावर आलेला असतो.