टेबल जसं तसा हात

(नाशिक. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतलं पूलचं पार्लर. दिवे फक्त टेबलांच्या वर.)

दुपारचे चार वाजलेत. एका टेबलावर क्लास बुडवून आलेली पोरं, शेजारच्या टेबलावर सातपूरहून फर्स्ट शिफ्ट करून आलेले दोघं, शर्टावर कंपनीचं नाव अजून तसंच. एक काम करा, थोडा वेळ बॉल बघू नका, नुसते हात बघा. हा पहिला पार खाली वाकलाय, हनुवटी क्यूला, म्हणजे मारायच्या काठीला टेकलीय, मागचा हात क्यूच्या एकदम रेषेत, हा स्नूकरच्या मोठ्या टेबलावर शिकलेला. पलीकडचा अर्धवट उभाच आहे, कोपर बाहेर, आणि शॉट मारला की क्यू पण वर आणि हा पण वर. इथल्या मार्करकाकांना, म्हणजे टेबलं आणि स्कोअर सांभाळणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, नवीन गिऱ्हाईक आलं की आपण ब्रिज बघायचा, डावा हात टेबलावर कसा ठेवतो ते, पोरगं कुठल्या टेबलावर मोठं झालंय ते तिथेच कळतं.

हे झालं नाशिकपुरतं. पण जगभर हेच चालतं आणि तिथे लोक लगेच देशाच्या स्वभावावर घसरतात. फिलिपिन्सवाले जादूगार, अमेरिकन म्हणजे नुसती ताकद, इंग्रज शिस्तीचे, चिनी मशीनसारखे. ऐकायला भारी वाटतं पण मला नाही पटत. स्वभाव बिभाव नंतर. आधी टेबल केवढं, कापड कसलं, पॉकेटचं तोंड किती उघडं, फाऊल झाला की शिक्षा काय, आणि हरल्यावर बिल कोणाच्या नावावर, यातून हात बनतो.

(नाण्यावर चालणारं टेबल, जवळून.)

इंग्लंडचं घ्या. पबमध्ये जागा कमी, म्हणून टेबल सहा-सात फुटी, बॉल लाल-पिवळे, दोन इंची. आणि व्हाइट, म्हणजे ज्याला क्यूने मारायचं तो पांढरा बॉल, त्याहून जरा लहान. का लहान, तर टेबल नाण्यावर चालतं. नाणं टाकलं की बॉल बाहेर येतात, पॉकेटात गेलेला बॉल पुढचं नाणं पडेपर्यंत आतच बसतो, मग व्हाइट चुकून पडला तर तेवढाच परत कसा यायचा? म्हणून तो लहान केला, आतल्या नळीतून तो वेगळ्या वाटेने बाहेर पडतो. सोय केली मशीनची आणि बदलला खेळणाऱ्यांचा हात. कारण हलका व्हाइट जड बॉलवर समोरासमोर आपटला की आपसूक मागे यायला बघतो, स्क्रू मारायला, म्हणजे व्हाइट मागे खेचायला कष्टच नाहीत, पण फॉलो करून पुढे न्यायचा म्हटलं की जीव जातो.

अमेरिकेतल्या बारमध्ये सेम टेबल, सेम प्रॉब्लेम, त्यांनी उलटं केलं, व्हाइट मोठा नाहीतर जड केला (आता चुंबकवाला असतो, तो बाकीच्या बॉलच्या बराच जवळ आलाय). जड व्हाइट पुढे पळतो, थांबायचं नाव नाही. त्यामुळे जुन्या बारमधला अमेरिकन खेळाडू स्क्रूच्या नादाला कमी लागायचा, व्हाइट पुढे सोडून कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) फिरवून पुढच्या शॉटची पोझिशन घ्यायचा, आणि पबवाला इंग्रज नेमका उलटा. एका नळीची करामत.

पबमधली अजून एक भानगड म्हणजे फाऊलला समोरच्याला दोन शॉट. दोन शॉट मिळाले की चांगला खेळाडू टेबल साफच करतो, म्हणून पबवाले फाऊलला जाम घाबरतात, आपलाच बॉल मुद्दाम पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवतात, समोरच्याची वाट अडवतात आणि वाट बघत बसतात. बघायला कंटाळवाणं आहे, खरं सांगतो. पण खेळताना घाम फुटतो.

अमेरिकेचं मोठं टेबल वेगळं, नऊ फुटी. बॉल सव्वादोन इंची, कापड गुळगुळीत, लव नसलेलं, व्हाइट पाण्यासारखा वाहतो. कोपऱ्याचं पॉकेट साडेचार इंचाच्या आसपास आणि त्याच्या कडा सरळ कापलेल्या, म्हणजे बॉल जरा कुशन घासत गेला तरी पडतो. मग पॉट करणं, म्हणजे बॉल पॉकेटात घालणं, हा मोठा प्रश्न उरतच नाही, प्रश्न हा की व्हाइट कुठे थांबणार. 1954 ला अमेरिकेच्या विली मॉस्कोनीने ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये, जरा लहान म्हणजे आठ फुटी टेबलावर, स्ट्रेट पूलमध्ये (यात कुठलाही बॉल कुठल्याही क्रमाने घालता येतो) सलग 526 बॉल घातले, मध्ये एकही मिस नाही. नुसत्या नेमबाजीने 526 होत नाहीत, प्रत्येक बॉलनंतर व्हाइट पुढच्या बॉलच्या पुढ्यातच यायला लागतो.

आणि स्नूकर? टेबल बारा फुटी, बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, पॉकेटच्या कडा गोल. बॉलने तोंडाशी कुशनला नुसता स्पर्श केला की कडांमध्ये नाचतो आणि बाहेर. इथे जरा इकडेतिकडे चालतच नाही, म्हणून हनुवटी क्यूवर, म्हणून शरीर खिळ्यासारखं ठोकलेलं. रशियन पिरॅमिड तर अजून पुढचं प्रकरण, बॉल 68 मिलिमीटरचा आणि पॉकेट त्याच्यापेक्षा फक्त काही मिलिमीटर मोठं! तिथे हलक्या हाताने गुदगुल्या करून काही होत नाही, दणकून सरळ मारायचं. त्यांच्या फ्री पिरॅमिडमध्ये कुठल्याही बॉलने मारता येतं आणि मारलेलाच बॉल दुसऱ्याला लागून पॉकेटात गेला तरी पॉइंट. आपल्याकडे ज्याला फाऊल म्हणून शिव्या बसतात त्याच्यावर तिकडे टाळ्या.

चीनने या सगळ्याची मिसळ केली. नऊ फुटी टेबल, बॉल अमेरिकन, पण पॉकेट आणि कापड स्नूकरचं. त्यामुळे पूलचा माणूस आला तर त्याचे पॉट बाहेर उड्या मारतात आणि स्नूकरचा आला तर पोझिशनमध्ये आणि ब्रेकमध्ये (सुरुवातीला बॉल फोडायच्या शॉटमध्ये) लटकतो. स्टीफन हेन्ड्री 2012 ला स्नूकरमधून रिटायर झाला आणि या चिनी एट-बॉलचा चेहरा म्हणून तिकडे गेला, पण तिकडे जाऊन टायटल जिंकून आला तो गॅरेथ पॉट्स, इंग्लंडच्या पबच्या टेबलांवर वाढलेला. कोणी म्हणेल योगायोग. मला वाटतं टाइट पॉकेट आणि वाट अडवायची सवय, दोन्ही त्याच्याकडे आधीपासून होतं.

(फिलिपिन्स. संगणकावर बनवलेलं टेबल, व्हाइटचा मार्ग रेषेने.)

आता फिलिपिन्स, इथे जरा थांबू.

इथला पूलचा खेळाडू एफ्रेन रेयेस, जन्म 1954. लहान असताना मनिलाला काकांकडे राहायला आला, काकांचा पूल हॉल, आणि हा रात्री टेबलावरच झोपायचा. 1985 ला अमेरिकेत ह्यूस्टनला टूर्नामेंट खेळायला गेला तेव्हा सीझर मोरालेस हे नाव लावून गेला, कारण पैशाच्या मॅचेस खेळणाऱ्यांमध्ये त्याचं खरं नाव आधीच पोचलं होतं, ओळखला असता तर त्याच्याशी पैसे लावायला कोण उभं राहिलं असतं? जिंकला. 1994 ला यूएस ओपन नाइन-बॉल (नऊ बॉलचा गेम) जिंकला, ते जिंकणारा पहिला बिगर-अमेरिकन. 1999 ला कार्डिफला वर्ल्ड चॅम्पियन. मधे हाँगकाँगला अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडशी आधी 120 गेम जिंकेल तो, अशी मॅच झाली, तीन दिवस चालली, एक लाख डॉलर, सगळे जिंकणाऱ्याला, हरणाऱ्याला शून्य. 120-117. रेयेस.

त्याला लोक जादूगार म्हणतात ते मुख्यतः किकसाठी, म्हणजे व्हाइट आधी कुशनवर मारून मग बॉलला लावायचा. समोर बॉल आडवा आलाय, सरळ दिसत नाही, बाकीचे कसाबसा स्पर्श करून सुटायला बघतात आणि हा दोन-दोन कुशन फिरवून बॉल पॉकेटात घालतो. 1995 ला रीनोमध्ये त्याच स्ट्रिकलंडविरुद्ध असाच एक शॉट मारला, व्हाइट इंग्रजी झेडसारखा फिरून आला, अजून त्या शॉटला त्याच आकाराने ओळखतात.

आता जादू कुठून आली ते बघा. तिकडे गल्लीगल्लीत जो गेम चालतो तो रोटेशन. पंधराच्या पंधरा बॉल नंबराने, टेबलावर जो सगळ्यात लहान नंबर त्यालाच आधी लागलं पाहिजे, बॉलचा नंबर तेवढे पॉइंट, सगळे मिळून 120, ज्याचे 61 झाले तो जिंकला. पंधरा बॉलची गर्दी आणि लागायचं फक्त एकाला, म्हणजे दर दोन-चार शॉटनंतर तो एक कुणाच्या तरी मागे लपलेला असणारच. किक येत नाही तो माणूस तिथे तासभर पण टिकणार नाही. शिवाय रेयेस तीन कुशनचं कॅरम बिलियर्ड्स पण खेळायचा, त्या टेबलाला तर पॉकेटच नसतं, सगळा खेळ कोनांचा. आणि तो लांब ब्रिज, सैल मनगट, क्यूचं टोक आधी पार कापडाजवळ धरायचं आणि शेवटच्या क्षणी पाहिजे तिथे मारायचं, ही जी तिकडच्या कितीतरी जणांची लकब आहे ती पण माझ्या मते दमट हवेतल्या जड कापडाने लावलेली आहे, जोर न लावता लांब, मोकळा स्ट्रोक दिला तरच तिथे स्पिन शेवटपर्यंत टिकतो.

(पुन्हा नाशिक. बाहेर पाऊस, गंगापूर रोडचं ट्रॅफिक.)

आपल्याकडे काय? तसं बघितलं तर स्नूकर आपल्याच देशात जन्मलं, 1875 ला जबलपूरला, ब्रिटिश फौजेच्या मेसमध्ये. आणि आपला पहिला वर्ल्ड चॅम्पियन विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेला, 1958 ला कलकत्त्यात वर्ल्ड अमॅच्युअर बिलियर्ड्स जिंकला. मग मायकेल फरेरा, मग गीत सेठी, त्याचा 1992 चा 1276 चा ब्रेक (एकाच पाळीत सलग तेवढे पॉइंट), मग पंकज अडवाणी, तो पण जन्माने पुण्याचा, वाढला बंगळुरूत. हे सगळे इंग्लिश बिलियर्ड्सचे लोक. तीन बॉल, मोठं टेबल, बॉल एकमेकांपासून लांब जाऊच द्यायचे नाहीत, हात लोण्यासारखा मऊ. पण ते मऊ हात जिमखान्यांत आणि क्लबांत तयार झाले, मेंबरशिप, पांढरे कपडे, आवाज करायचा नाही. आपल्या इथे देवळाली कॅम्प एवढा जुना, पण फौजी मेसमधलं टेबल सिडकोतल्या पोराने कधी जवळून बघितलं असेल असं मला तरी वाटत नाही.

नाशकातलं पोरगं शिकलं पार्लरमध्ये, आणि त्याच्याही आधी कॅरमवर. मंडळाच्या मांडवात, कॉलनीच्या जिन्याखाली. ते दिसतं बरं का. डबल, म्हणजे कुशनवरून पॉट, आमच्या पोरांना न शिकवता येतो, कारण रिबाउंड डोळ्यात बसलेला असतो. पण स्पिन म्हटलं की बोंब, स्ट्रायकरला खालून-वरून मारता येत नाही ना, म्हणून क्यू कायम व्हाइटच्या मधोमध आणि व्हाइट जाईल तिकडे जाईल.

त्यात पार्लरचं कापड. जुनं, जाड, कुठे पॅच मारलेलं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला ओलावा पिऊन बसलेलं. हळू मारला तर व्हाइट मधेच बसतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तेच टेबल सकाळी वेगळं वागतं, कुशनचं रबर आखडलेलं असतं, बॉल उसळी घेत नाही. मोठ्या टूर्नामेंटच्या स्नूकर टेबलांना खालून हीटर असतात ते काय उगाच नाही. इथे हीटर कुठला, इथे पोरं स्वेटर घालून अजून जोरात मारतात.

म्हणून नाशिक स्टाइल म्हणजे ठोका. आणि त्याच्यात भर हिशोबाची, टेबल तासावर आणि हरला तो बिल देणार. मीटर चालू आहे म्हटल्यावर सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अडकवायचा सावध शॉट, कोण खेळणार, कोणी खेळला की मागून लगेच,

"अरे खेळ ना भाऊ, झोपला काय?"

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र फाऊलची. आमच्या बहुतेक टेबलांवर घरचा नियम चालतो, फाऊल झाला की समोरच्याला व्हाइट मिळणार पण टेबलाच्या एका टोकाच्या लाइनच्या मागूनच. म्हणजे फाऊलची शिक्षा जवळजवळ नाहीच. नाइन-बॉलच्या इंटरनॅशनल नियमात व्हाइट हातात येतो आणि टेबलावर वाट्टेल तिथे ठेवता येतो, तिथे एक फाऊल म्हणजे बहुतेक वेळा गेम गेला. आता सांगा, शिक्षाच नाही तर किक शिकायची कशाला? बॉल दिसत नाही, दे ठोकून, लागला तर लागला. आणि हीच पोरं मग मुंबई-पुण्याला टूर्नामेंटला जातात, कापड नवीन, व्हाइट पळतो, पहिल्या फाऊलला समोरचा शांतपणे व्हाइट उचलतो आणि यांना परत खुर्चीतून उठायचीच वेळ येत नाही.

या पार्लरमध्ये आता रविवारच्या गेमला नियम बदललाय, फाऊल झाला की व्हाइट हातात, कुठेही ठेवा. त्यावर भांडणं झाली, दोन रेग्युलर लोक नाशिक रोडच्या पार्लरला जायला लागले. पण एक बदल दिसतोय. इतकी वर्षं कुशनच्या लाकडावरचे ते पांढरे ठिपके कोणी बघत नव्हतं.

"काका, हे ठिपके डिझाइन आहे ना?"

"डिझाइन कशाचं, मापं आहेत ती. लांब बाजूला तीन अन् तीन, आखूड बाजूला तीन. व्हाइट इथे, बॉल तिथे, दोन्ही कुशनपासून सारख्या अंतरावर, तर दोघांच्या बरोबर मधला ठिपका पकड. स्पिन नको देऊ, आणि ठोकू नको."

"ठोकलं तर?"

"जोरात मारलं की कोन आखूड होतो रे. रबर दबतं."

पोराने मारून बघितलं. पहिला जोरात मारला, तो आखूडच आला, मग हळू मारला तर कापडाने मधेच धरून ठेवला, मग मधला जोर सापडायला वेळ गेला आणि तेवढ्यात समोरचा मोबाइल काढून बसला, कारण मीटर चालूच. रविवारी आता एका फ्रेमला पहिल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, लोक शॉटच्या आधी टेबलाभोवती फेऱ्या मारतात, ठिपके मोजतात, सेफ्टी पण खेळायला लागलेत, आणि बिल वाढलं म्हणून हरणारे कुरकुर करतात. पार्लरच्या मालकाची काही तक्रार नाही.