वणव्यानंतरची तीस वर्षं

१९८८चा उन्हाळा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पावसानं पाठ फिरवली होती, आणि वारा काही पडत नव्हता. छोटे वणवे एकमेकांना मिळत गेले. हजारो माणसं झटली, तरी आग आवरेना. सप्टेंबरमध्ये बर्फ पडला तेव्हा कुठे ती मंदावली. तोवर उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला होता. यलोस्टोन संपलं, असंच अनेकांना वाटलं.

हा लॉजपोल पाइनचा, म्हणजे यलोस्टोनमधल्या मुख्य सूचिपर्णी झाडाचा, बियांचा शंकू नीट पाहा. मुठीत सहज मावणारा, खवले राळेनं घट्ट चिकटलेले. नखानं उचकटून उघडणारा नव्हे. वर्षानुवर्षं तो फांदीवर असाच बंद राहतो. आगीची धग लागली की राळ वितळते, खवले सुटतात आणि बी राखेत पडतं. वर आता सावली नसते, ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं. पुढच्याच उन्हाळ्यात इथं कोवळी रोपं वर आली.

सगळीकडे सारखी मात्र नाही. कुठे हेक्टरी लाखाच्या वर रोपं, तर कुठे शोधून सापडतील इतकीच. सखल भागात बंद शंकूंची झाडं भरपूर होती. उंचावर गारवा जास्त, वणवे क्वचित. तिथल्या पाइनचे बहुतेक शंकू पिकले की आपोआप उघडतात. म्हणजे आग लागली तेव्हा झाडांवर बियांचा साठा फारसा नव्हताच. अशा ठिकाणी बी वाचलेल्या झाडांवरून वाऱ्यानं येणार, आणि ते फार लांब जात नाही.

म्हणून ‘जंगल किती वर्षांत परत येतं?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. मागे काय उरलं, हे आधी विचारायला हवं. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतल्याच सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या स्फोटानं मैलोन्‌मैल झाडं आडवी केली. तरी काही उतारांवर अजून बर्फ होता, आणि त्याखाली दबलेली छोटी रोपं तेवढी वाचली. केवळ महिना मे होता म्हणून!

यलोस्टोनच्या या जंगलात दोन मोठ्या वणव्यांमध्ये साधारण १०० ते ३०० वर्षं जायची. २०१६ साली मात्र १९८८नंतर उगवलेलं, जेमतेम २८ वर्षांचं जंगल पुन्हा पेटलं. कोवळ्या झाडांवर शंकू कमी होते. जुन्या वणव्यात पडलेले ओंडकेही या वेळी जळून गेले. नवी रोपं आधीच्या मानानं फारच कमी उगवली. अशा रोपांची मुळं सुरुवातीला उथळ असतात, आणि उन्हाळे तापत चाललेत. कोरडे उन्हाळे त्यांनी काढले नाहीत, तर या उतारांवर पाइन विरळ होईल आणि जागा गवताकडे जाईल.