सौद्याच्या आदल्या दिवशी

(दृश्य: सांगलीच्या मार्केट यार्डातील एक अडत दुकान. काट्यावर हळदीचे पोते, शेजारी संगणक.)

हळदीचा हंगाम सुरू झाला की सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानांचे काटे दिवसभर रिकामे राहत नाहीत. पोते काट्यावर चढते, त्याचे वजन सीरियल पोर्टमधून संगणकात उतरते, आणि दर, हमाली, तोलाई यांचा हिशोब होऊन शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. या दुकानातील पट्टीचा प्रोग्राम सी आणि सी प्लस प्लस या भाषांत लिहिलेला आहे. कित्येक हंगाम त्याने काम केले, आणि सौद्याच्या आदल्या दिवशी, एका रविवारी सकाळी, तो सुरूच होईना.

शनिवारी रात्री संगणकावर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०.०४ च्या जागी २४.०४ ही आवृत्ती बसवली होती. ती बसवणे भागच होते, कारण २०.०४ साठी मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या मे २०२५ पासून थांबल्या आहेत. दिवाणजींनी विश्रामबागेतील प्रोग्रामर ताईंना फोन लावला. “ताई, काल संध्याकाळपर्यंत चालत होतं बघा. एका रात्रीत काय झालं त्याला?”

टर्मिनलवर एकच ओळ होती: ‘लिबएसएसएल १.१’ ही लायब्ररी (प्रोग्राम वापरतो तो तयार कोडचा संच) सापडत नाही. दिवसाचा हिशोब मालकांच्या घरच्या संगणकावर सुरक्षितपणे पाठवण्यासाठी हा प्रोग्राम ओपनएसएसएल वापरतो, आणि लिबएसएसएल हा तिचाच भाग. २०.०४ मध्ये ओपनएसएसएलची १.१.१ आवृत्ती होती, २२.०४ पासून तिची जागा ३.० ने घेतली. अशा वेळी दोन आडवाटा हमखास सुचवल्या जातात. पहिली म्हणजे नव्या लायब्ररीला जुन्या नावाची लिंक जोडणे. ती लगेच उघडी पडते, कारण प्रोग्राम नावाबरोबर आतील चिन्हांची (फंक्शनांच्या नावांची) आवृत्तीही तपासतो. दुसरी म्हणजे जुने पॅकेज कुठून तरी उतरवून घेणे. त्याने प्रोग्राम चालेल, पण १.१.१ च्या सार्वजनिक दुरुस्त्या सप्टेंबर २०२३ मध्येच संपल्या आहेत, आणि पैशांचा हिशोब त्या वाटेने पाठवणे ताईंना अजिबात मान्य नव्हते. त्यांनी मूळ कोडपासून प्रोग्राम नव्याने बांधायचा, म्हणजे नवा बिल्ड करायचे ठरवले.

(दृश्य: टर्मिनल. ‘मेक’ ही आज्ञा.)

‘मेक’ हे कोडपासून प्रोग्राम बांधून देणारे साधन चालवताच उत्तर आले की सर्व काही अद्ययावत आहे. हे उत्तर अनेकांना तासन्‌तास चकवते. मेक फक्त फाइलींच्या वेळा ताडून पाहतो. कोडची फाइल तिच्यापासून बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा जुनी असली की त्याच्या लेखी काम झालेले असते, मग खालचा कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), हेडर (कोडमध्ये ओढून घ्यायच्या घोषणांच्या फाइली) आणि लायब्ररी सगळे बदललेले का असेना. म्हणून आधी ‘मेक क्लीन’ करून जुन्या ऑब्जेक्ट फाइली काढल्या, आणि मग खरे एरर समोर आले. पडदा भरून वाहू लागला.

ताईंनी शेवटच्या ओळीकडे पाहिले नाही. त्या वर सरकत पहिल्या एररपाशी गेल्या, कारण खालचे बरेचसे एरर त्या पहिल्याचीच पिल्ले असतात. एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल होत असतील तर संदेशांची सरमिसळ होते, म्हणून त्यांनी एकेक फाइल घेण्याची सूचना मेकला दिली होती. पहिला एरर असा होता की ‘यूइंट३२_टी’ हा पूर्णांकाचा प्रकार कंपायलरला ओळखता येत नाही. जीसीसी १३ या नव्या कंपायलरच्या प्रमाण हेडर फाइलींनी एकमेकींना आत ओढणे कमी केले आहे. त्यामुळे ‘सीएसटीडीइंट’ हे हेडर, जे पूर्वी दुसऱ्या हेडरच्या पाठीवर बसून आपोआप येत असे, ते आता स्वतः मागावे लागते. हे उत्तर कंपायलरने त्याच संदेशाच्या खाली लिहूनही ठेवले होते. एक ओळ वाढवली आणि बहुतेक एरर नाहीसे झाले.

ऑब्जेक्ट फाइली जोडून एक प्रोग्राम करणारा लिंकर मात्र अडून बसला. ‘एकूण’ या नावाच्या चलाची (आकडा साठवायच्या जागेची) व्याख्या दोन ठिकाणी आहे, असे तो सांगत होता: एक पट्टीच्या फाइलीत, दुसरी दिवसअखेरच्या हिशोबाच्या फाइलीत, आणि दोन्ही सी भाषेतील. २०२० मध्ये जीसीसी १० येईपर्यंत असे दोन चल गुपचूप एकाच जागी ठेवले जात. जीसीसी १० पासून तो एरर ठरला. ‘-एफकॉमन’ हा पर्याय दिला की जुनी वागणूक परत मिळते आणि दहा सेकंदांत बिल्ड पार पडतो. ताईंनी तो दिला नाही. त्यांनी दिवाणजींना विचारले, “काका, दिवसाची एकूण रक्कम बरोबर येते का?”

“ती कधीच जुळत नाही हो. आम्ही कॅल्क्युलेटरवरच करतो.”

आता कोड वाचला की सगळा उलगडा होत होता. प्रत्येक नवी पट्टी ‘एकूण’ शून्यावर आणून स्वतःची बेरीज त्यात करी. मग दिवसाचा हिशोब त्याच जागेत तीच रक्कम पुन्हा मिळवी. दिवसअखेरीस पडद्यावर दिसे तो आकडा शेवटच्या पट्टीच्या दुप्पट असे, आणि सकाळपासूनच्या पट्ट्यांचा त्यात मागमूसही नसे. दोन्ही फाइलींतील चलांपुढे, चल त्या फाइलीपुरताच ठेवणारा ‘स्टॅटिक’ हा शब्द लिहिला, प्रत्येकाला आपापली जागा मिळाली, आणि बिल्ड पूर्ण झाला.

पट्टी छापणारी पायथन भाषेतील लहान स्क्रिप्टही अडली होती, कारण पायथन ३.१२ मधून ‘डिस्टयूटिल्स’ हे जुने मॉड्यूल काढून टाकले आहे. ते काम पाच मिनिटांचे होते. त्यानंतर गेल्या हंगामात साठवलेली काट्याची वजने नव्या प्रोग्रामला पुन्हा देऊन जुन्या आणि नव्या पट्ट्या, फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’ या आज्ञेने ताडून पाहिल्या. एकाही ओळीत फरक नव्हता.

(दृश्य: सोमवार, संध्याकाळ. सौदा संपलेला आहे.)

दिवाणजी सवयीप्रमाणे पट्ट्यांच्या गठ्ठ्यावरून एकेक रक्कम कॅल्क्युलेटरवर घेतात. बेरीज होते. ते चष्मा वर करून पडद्यावरचा आकडा वाचतात, गठ्ठा पहिल्यापासून पुन्हा मोजतात, आणि मग वहीत ती रक्कम लिहितात.